देह स्वतःचा, प्रयोगही स्वतःवरच. पण जबाबदारी कुणाची?

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथील कापेलित्सा या कलादालनात २२ फेब्रुवारी २०११ रोजी एक विलक्षण सादरीकरण झाले. मारियॉन लावाल-झाँते या फ्रेंच कलावतीने प्रेक्षकांसमक्ष स्वतःच्या शरीरात घोड्याचा रक्तद्रव टोचून घेतला. त्यानंतर तिने घोड्याच्या मागच्या पायांच्या आकाराचे उंच कृत्रिम पाय चढवले आणि ती दालनात आणलेल्या घोड्याबरोबर काही काळ वावरली. शेवटी तिच्या शरीरातून थोडे रक्त काढून ते गोठवून शुष्क करण्यात आले. 'घोडा माझ्यात जगो' अशा अर्थाचे नाव असलेल्या या कलाकृतीला त्याच वर्षी ऑस्ट्रियातील लिंझ येथील 'प्री आर्स इलेक्ट्रॉनिका' स्पर्धेत संमिश्र कलेच्या विभागातील 'गोल्डन निका' हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

हे सादरीकरण म्हणजे क्षणिक लहर नव्हती. लावाल-झाँते आणि तिचे सहकारी बेन्वा माँजाँ हे १९९१ पासून 'आर ओरियाँते ओब्जे' या नावाने एकत्र काम करीत आले आहेत. प्रत्यक्ष प्रयोगाच्या कित्येक महिने आधीपासून तिने घोड्याची निरनिराळी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे, टप्प्याटप्प्याने टोचून घेतली होती. परकीय प्रथिनांची शरीराला सवय व्हावी आणि अखेरच्या दिवशी तीव्र ॲलर्जीचा जीवघेणा धक्का बसू नये, हा त्यामागील हेतू होता. प्रयोगानंतर बरेच दिवस झोप लागत नव्हती, संवेदना कमालीच्या तीव्र झाल्या होत्या आणि अंगात अनोळखी शक्ती संचारल्यासारखे वाटत होते, असा अनुभव तिने नंतरच्या मुलाखतींत सांगितला.

कलावती सुखरूप राहिली आणि कलाकृती गाजली. मात्र त्या संध्याकाळी उपस्थित झालेला प्रश्न आजही कायम आहे. एखाद्या सज्ञान व्यक्तीने पूर्ण विचारांती स्वतःच्या देहावर प्रयोग करायचे ठरवले, तर तिला अडवण्याचा अधिकार कुणाला आहे काय? आणि प्रयोगशाळेतील संशोधकाला जे नियम लागू होतात, ते त्याच संशोधकाचे तंत्र वापरणाऱ्या कलावंताला लागू व्हावेत काय?

घोड्याचे रक्त आणि वैद्यकाचा अनुभव

घोड्याचा रक्तद्रव माणसाच्या शरीरात जाणे, ही गोष्ट ऐकायला अघोरी वाटली तरी वैद्यकशास्त्राला ती नवी नाही. साप चावलेल्या रुग्णाला दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्यांच्याच रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाची अल्प मात्रा वारंवार टोचली जाते, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वेगळी करून शुद्ध स्वरूपात रुग्णाला दिली जातात. मुंबईतील हाफकिनमध्ये ही परंपरा अनेक दशकांची आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाच्या असंख्य रुग्णांचे प्राण या घोड्यांच्या प्रतिपिंडांनीच वाचवले आहेत.

या उपचाराचे धोकेही डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहेत. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये यांनी १९०२ मध्ये 'ॲनाफिलॅक्सिस' या तीव्र प्रतिक्रियेचे वर्णन केले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये व्हिएन्नात 'सीरम सिकनेस' या विकाराची सविस्तर मांडणी केली. घोड्याचे सीरम टोचलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी का होते, याचा उलगडा त्यातून झाला. म्हणूनच प्रतिविष देताना आजही ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवले जाते.

रुग्णालयात हा धोका पत्करला जातो, तो रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी. कलादालनातील निरोगी स्त्रीच्या शरीरावर हाच धोका ओढवून घेतला गेला, तो माणूस आणि प्राणी यांच्यातील सीमारेषा अनुभवण्यासाठी. वैद्यकीय नीतिशास्त्रात जोखीम आणि लाभ यांचा ताळेबंद मांडला जातो. कलेच्या बाबतीत लाभाच्या रकान्यात नेमके काय लिहायचे, येथूनच पेचाला सुरुवात होते.

विज्ञानातील जुनी परंपरा

स्वतःवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांची परंपरा मोठी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. ओडेसा येथे जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ रोजी पॅरिसमध्ये पटकीविरोधी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळल्यानंतर ते येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या शरीरात घेतली. त्यांना ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या. मात्र काही दिवसांत ते बरे झाले.

यानंतर जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ही लस देण्यात आली. हाफकिन यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला नसता तर लोकांचा विश्वास बसला नसता, हे खरेच. परंतु परकीय सत्तेच्या तुरुंगातील कैद्याची 'स्वेच्छा' कितपत स्वतंत्र असते, असा प्रश्न आजचे नीतिशास्त्र विचारील. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना निलंबित व्हावे लागले. लसीची बाटली गावातच दूषित झाल्याचे मान्य होऊन १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. स्वतःवर केलेला प्रयोग लसीविषयीची निष्ठा सिद्ध करतो. ती हजारो लोकांपर्यंत सुरक्षित पोहोचेल याची हमी मात्र देऊ शकत नाही, हा धडा त्या घटनेने दिला.

परंपरेतील इतर उदाहरणेही बोलकी आहेत. पेरू देशातील दानिएल कारिऑन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८५ मध्ये एका रुग्णाच्या चामखिळीतील रक्त स्वतःला टोचून घेतले. काही आठवड्यांतच तो 'ओरोया ताप' या विकाराने मरण पावला. मात्र हे दोन वेगळे वाटणारे आजार एकच आहेत, हे त्याच्या मृत्यूने सिद्ध झाले. जर्मनीतील वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात हाताच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत नळी सरकवली आणि त्याच अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन छायाचित्र काढून घेतले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूंचे मिश्रण प्राशन केले. त्यांना जठराचा दाह झाला आणि पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासमवेत नोबेलही मिळाले.

या गौरवगाथांमध्ये एक बाजू सहसा झाकली जाते. फोर्समान यांना वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. शस्त्रक्रियेचे साहित्य मिळावे म्हणून त्यांनी एका परिचारिकेला विश्वासात घेतले. प्रयोग आपल्यावरच होणार, अशी तिची समजूत होती. तिला टेबलावर बांधून ठेवून त्यांनी नळी स्वतःच्याच हातात घातली. मार्शल यांनी आपला बेत रुग्णालयाच्या नैतिकता समितीपुढे मांडला नव्हता आणि पत्नीलाही पुरता सांगितला नव्हता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. प्रयोग यशस्वी झाला की अशा गोष्टी किस्से ठरतात. तो फसला असता तर त्यांचेच आरोप झाले असते.

हाल्डेन यांचा धडा

जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव भारतीय वाचकांना अपरिचित नाही. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले, त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. शरीरशास्त्रज्ञ असलेल्या वडिलांकडूनच स्वतःवर प्रयोग करण्याचे बाळकडू त्यांना मिळाले होते. स्वतःच स्वतःचा प्रयोगातील ससा होण्याविषयी त्यांनी १९२० च्या दशकात निबंधही लिहिला.

जून १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ जणांचा अंत झाला. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माणसावर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी हाल्डेन बंदिस्त कक्षात जाऊन बसले. परंतु ते एकटे नव्हते. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या स्वयंसेवकांना आणि सहकाऱ्यांनाही त्यांनी या चाचण्यांत सामील करून घेतले. अशा मालिकांमध्ये आकडी येण्यापासून मणक्याला इजा होण्यापर्यंतचे प्रकार त्यांच्या वाट्याला आले. या प्रयोगांनी पाणबुड्यांतील खलाशांचे जीव वाचवण्यास हातभार लावला, यात शंका नाही. तरीही ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे असा ज्येष्ठ शास्त्रज्ञ स्वतः कक्षात शिरत असताना, त्याच्या मागे उभा असलेला तरुण सहकारी 'मी येणार नाही' असे कितपत मोकळेपणाने म्हणू शकतो? पुढाऱ्याचे धाडस अनुयायांवर न बोलता दबाव आणते, ही गोष्ट प्रयोगशाळेला लागू होते, तशीच नाट्यमंडळीला आणि कलावंतांच्या गटालाही.

न्युरेंबर्गची पळवाट

मानवी प्रयोगांविषयीचे आधुनिक नियम नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून जन्माला आले. १९४७ मधील न्युरेंबर्ग संहितेने संमतीला सर्वोच्च स्थान दिले. त्या संहितेच्या पाचव्या कलमात मात्र एक अपवाद आढळतो. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व येईल असे आधीच दिसत असल्यास प्रयोग करू नये. कदाचित जेथे प्रयोग करणारे डॉक्टर स्वतःही त्यात सहभागी असतील तेवढे प्रयोग वगळून, अशा आशयाचे ते कलम आहे. त्यातील 'कदाचित' या शब्दावर आजवर बरीच चर्चा झाली. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची तयारी हा प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, असा विचार त्यामागे असावा. परंतु डॉक्टरची तयारी हे इतर सहभागींच्या सुरक्षिततेचे माप होऊ शकत नाही.

जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हा अपवाद नाही. संशोधनात सहभागी झालेल्या व्यक्तीच्या रक्षणाची जबाबदारी वैद्यकाचीच असते, आणि त्या व्यक्तीने संमती दिली म्हणून ती तिच्यावर ढकलता येत नाही, ही भूमिका त्यात स्पष्ट आहे. भारतातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम यांनी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी हा मानवी संशोधनाचा पाया मानला आहे.

ही सारी चौकट संशोधनासाठी आहे. ज्ञान मिळवणे हा कलावंताचा उद्देश नसेल, तो औषधाची चाचणी घेत नसेल, तर तो या चौकटीच्या बाहेर राहतो. त्याने वापरलेली सुई, औषध आणि जोखीम मात्र तीच असते.

एकच चिप, दोन न्याय

ही विसंगती समजून घेण्यासाठी दोन घटना शेजारी ठेवणे उद्बोधक ठरते. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे एदुआर्दो कात्स या कलावंताने प्राण्यांची ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी एक मायक्रोचिप सुईने स्वतःच्या घोट्यात बसवली. भिंतीवर त्याच्या आजीच्या कुटुंबीयांची जुनी छायाचित्रे होती. ते कुटुंब दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये नष्ट झाले होते. नंतर हरवलेल्या प्राण्यांच्या अमेरिकेतील नोंदवहीत त्याने प्राणी आणि मालक अशा दोन्ही रकान्यांत स्वतःचेच नाव नोंदवले. माणसावर आकडा कोरला जाण्याची स्मृती आणि येऊ घातलेले पाळतीचे युग यांवरील ते भाष्य होते.

यानंतर नऊ महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९८ रोजी, इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केव्हिन वॉरविक यांनी डॉक्टरकडून स्वतःच्या दंडात एक चिप बसवून घेतली. नऊ दिवस तिच्या साहाय्याने विद्यापीठातील दारे उघडत, दिवे लागत. मार्च २००२ मध्ये ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ रुग्णालयात त्यांच्या मनगटातील मज्जातंतूत १०० सूक्ष्म विद्युतअग्रे बसवण्यात आली. या शस्त्रक्रियेसाठी नैतिकता समितीची मंजुरी घेण्यात आली होती. मज्जातंतूला इजा होऊन हाताची हालचाल कायमची गमावण्याचा धोका समितीपुढे मांडला गेला होता. पुढे त्यांच्या पत्नीच्या हातातही विद्युतअग्रे बसवून दोघांच्या मज्जासंस्थांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करण्यात आली.

कात्स याचे कृत्य कलेचा भाग होते, म्हणून त्यासाठी तशी समिती नव्हती. वॉरविक यांचा मोठा प्रयोग शास्त्र म्हणून मांडला गेला, म्हणून त्याला समितीची कसोटी द्यावी लागली. त्वचेखाली गेलेल्या वस्तूला मात्र आपण कलाकृती आहोत की उपकरण, हे ठाऊक नसते. जंतुसंसर्ग दोन्हींकडे सारख्याच नियमांनी होतो.

तिसरा कान आणि शल्यचिकित्सकाचा हात

सायप्रसमध्ये जन्मलेला ऑस्ट्रेलियन कलावंत स्टेलार्क याची कहाणी या संदर्भात वारंवार सांगितली जाते. डाव्या हातावर मानवी कानाची प्रतिकृती उभारायची, तिच्यात मायक्रोफोन बसवायचा आणि त्या कानावर पडणारे आवाज इंटरनेटवरून जगात कुणालाही ऐकू यावेत, अशी त्याची कल्पना. तयार होणारे शल्यचिकित्सक मिळण्यातच सुमारे दहा वर्षे गेली. अखेर २००६ च्या सुमारास शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्वचा ताणण्याच्या टप्प्यात त्वचेचा काही भाग मृत झाला. सच्छिद्र सांगाडा बसला, त्यात पेशी वाढल्या, मायक्रोफोनही बसवला आणि तो चालला. नंतर मात्र गंभीर संसर्ग होऊन तो काढून टाकावा लागला. या अपूर्ण कानालाच २०१० मध्ये 'गोल्डन निका' मिळाला.

फ्रेंच कलावती ऑर्लाँ हिने १९९० ते १९९३ या काळात चेहऱ्यावर करवून घेतलेल्या शस्त्रक्रियांची मालिका तर कलेतिहासात नोंदली गेली आहे. स्थानिक भूल घेऊन, शुद्धीवर राहून, ती शस्त्रक्रियागृहात वाचन करीत असे. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्क येथील शस्त्रक्रियेचे थेट प्रक्षेपण अनेक कलादालनांत झाले. स्त्रीच्या सौंदर्याचे पुरुषी निकष मोडून काढण्याचा तिचा हेतू होता.

या दोन्ही उदाहरणांत स्वतःवरचा प्रयोग प्रत्यक्षात दुसऱ्याच्याच हातून घडतो. कलावंत संमती देतो, परंतु सुरी शल्यचिकित्सकाच्या हाती असते. रुग्णाला अपाय करू नये, ही त्याची पहिली प्रतिज्ञा. सौंदर्यशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाकाचा आकार बदलतो तेव्हा समाज त्याला दोष देत नाही. मग हातावर कान उभारणाऱ्याला का द्यावा, हा युक्तिवाद अगदीच फेटाळता येत नाही. उलट बाजूचे म्हणणे असे, की निरोगी अवयवावर वारंवार शस्त्रक्रिया करताना निर्माण होणाऱ्या गुंतागुंतीला केवळ 'त्यालाच हवे होते' हे उत्तर पुरेसे नाही.

नील हार्बिसन याच्या बाबतीत हा संघर्ष उघड झाला. जन्मापासून रंग न दिसणारा हा कलावंत २००४ पासून रंगांचे ध्वनीत रूपांतर करणारा अँटेना वापरतो. तो कवटीत कायमचा बसवण्यास नैतिकता समितीने नकार दिला, तेव्हा नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया केली. नियम कडक केले की प्रयोग थांबतोच असे नाही. कधी कधी तो फक्त आडोशाला जातो.

प्रयोगशाळेचे दार कलावंताला उघडताना

कलावंत आणि शास्त्रज्ञ यांनी एका छताखाली काम करावे, यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात २००० साली पर्थ येथे 'सिम्बायोटिका' या प्रयोगशाळेची स्थापना झाली. ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर ही त्यामागील प्रमुख कलावंत मंडळी. येथे येणाऱ्या कलावंताला विद्यापीठाच्या मानवी व प्राणी संशोधनविषयक नैतिकता समित्यांकडे रीतसर अर्ज करावा लागे. ऑर्लाँने २००७ मध्ये 'हार्लेक्विनचा डगला' या कलाकृतीसाठी स्वतःच्या त्वचेच्या पेशींचे संवर्धन येथेच केले.

समित्यांपुढे अर्ज मांडताना कलावंतांना एक अडचण हमखास येते. अर्जातील प्रश्न शास्त्रज्ञाला उद्देशून असतात. गृहीतक कोणते, नमुन्यांची संख्या किती, निष्पत्ती काय? कलावंताजवळ गृहीतक नसते. कधी कधी प्रश्न उपस्थित करणे हीच त्याच्या कामाची निष्पत्ती असते. त्यामुळे एक तर कलेला विज्ञानाचा वेश घालावा लागतो, किंवा समितीला आपली मोजपट्टी बदलावी लागते. तरीही या प्रक्रियेचा एक निर्विवाद फायदा आहे. ज्याला प्रयोग करण्याची ओढ नाही असा एक माणूस कागद वाचतो आणि 'काही बिघडले तर काय करणार?' असे विचारतो. स्वतःवर प्रयोग करणाऱ्याला हा प्रश्न स्वतःला विचारणे सर्वांत जड जाते.

मूक सहभागी

स्वतःच्या देहापुरते बोलताना अन्य देह सहज विसरले जातात. ल्युब्लियानातील दालनात घोडाही होता. स्लोव्हेनियाचीच कलावती माया स्मरेकार हिने आपल्या कुत्र्यांसोबत एकांतात राहून, आहार आणि शारीरिक उत्तेजनाच्या साह्याने दूध येऊ दिले आणि कुत्र्याच्या पिल्लाला स्तनपान दिले. या कामाचा समावेश असलेल्या मालिकेला २०१७ मध्ये 'गोल्डन निका' मिळाला. स्वतःच्या शरीरावर तिचा हक्क मान्य केला, तरी पिल्लाच्या वतीने होकार कुणी द्यायचा? माणसाने प्राण्यावरील आपले वर्चस्व सोडावे, असे सांगणारी कलाकृतीच प्राण्याला साधन म्हणून वापरते काय, हा आक्षेप अशा कामांवर घेतला जातो.

अनुकरण करणारे हे दुसरे मूक सहभागी. जैवभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेला आणि कलाकृतीही घडवणारा जोसाया झायनर याने ऑक्टोबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत सर्वांसमक्ष जनुक बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्राचे द्रावण हातात टोचून घेतले. त्याचे स्नायू काही बळकट झाले नाहीत. त्या चित्रफितीला मात्र अफाट प्रसिद्धी मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरच्या घरी स्वतःवर वापरायच्या जनुकोपचार संचांची विक्री बेकायदा असल्याचे बजावले. दुसऱ्याच वर्षी झायनरने या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. यातून कुणाला तरी इजा होईल, अशी भीती त्याने बोलून दाखवली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून अशा संचांवर 'स्वतःवर वापरू नये' अशी सूचना बंधनकारक केली.

अनुकरणाची हीच चिंता शुद्ध वैद्यकीय क्षेत्रातही दिसते. क्रोएशियातील विषाणुशास्त्रज्ञ बिआटा हलासी यांना स्तनाचा कर्करोग पुन्हा उद्भवल्याचे २०२० मध्ये आढळले. त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेत वाढवलेले गोवरचे आणि आणखी एक विषाणू गाठीत टोचून घेतले. गाठ आक्रसली, ती शस्त्रक्रियेने काढली गेली आणि रोग परतला नाही. मात्र हा अहवाल अनेक नियतकालिकांनी नाकारला. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा इतर रुग्ण सिद्ध उपचार सोडून या मार्गाला लागतील काय, यावर जगभर चर्चा झाली. शिवाय एका व्यक्तीवरील यशाला तुलनेसाठी दुसरी बाजू नसते, ही मर्यादा राहतेच.

संमतीपलीकडचे प्रश्न

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कलावंताचा स्वतःच्या देहावरील अधिकार मोठा आहे आणि तो जपला पाहिजे. अन्यथा सत्तेला, प्रथेला किंवा बाजाराला देहाच्या भाषेत दिलेले आव्हानच बंद होईल. परंतु संमती ही एका क्षणी केलेली सही नाही. पारितोषिक, निमंत्रण, जाहीर झालेली तारीख आणि दालनात जमलेले प्रेक्षक यांच्या दडपणाखाली 'आता नको' असे म्हणण्याची मुभा प्रयोगकर्त्याजवळ उरली आहे काय, हे पाहावे लागते. रुग्णाला चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. रंगमंचावर उभ्या असलेल्या कलावंताला ते तितकेच सोपे नसते.

म्हणूनच आयोजक संस्थांनी काही प्रश्न आधीच विचारणे शहाणपणाचे ठरते. धोक्याची माहिती कलावंताशी हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञाने दिली आहे काय? आणीबाणीत उपचार करणारे डॉक्टर जागेवर आहेत काय? सहकारी, कुटुंबीय, प्राणी आणि प्रेक्षक यांच्यावर काय परिणाम होईल? अपाय झाल्यास खर्च कुणी सोसायचा? प्रयोग मध्येच थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे? आणि जे झाले ते, अपयशासकट, प्रामाणिकपणे नोंदवले जाणार आहे काय?

हे प्रश्न विचारल्याने कला मरत नाही. लावाल-झाँते हिने महिनोन्महिने प्रतिपिंडांची तयारी केली, ती याच प्रश्नांना दिलेली एक प्रकारची उत्तरे होती. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःच्या कातडीत सुई खुपसून घेतली, तेव्हा त्यांनी विश्वास कमावला. मुल्कोवालच्या दूषित बाटलीने मात्र दाखवून दिले, की धाडस एकट्याचे असले तरी त्यानंतरची काळजी अनेकांना मिळून घ्यावी लागते.

महत्त्वाचे टप्पे

१८८५ : पेरूमध्ये दानिएल कारिऑन याचा स्वतःवरील प्रयोगात मृत्यू.

१८९७ : हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली.

१९२९ : फोर्समान यांनी स्वतःच्या हृदयापर्यंत नळी नेली.

१९४७ : न्युरेंबर्ग संहिता, स्वतः सहभागी डॉक्टरांबाबतचा अपवाद.

१९६४ : हेलसिंकी जाहीरनामा.

१९८४ : बॅरी मार्शल यांचे जिवाणुप्राशन.

१९९७ : एदुआर्दो कात्स याने घोट्यात चिप बसवली.

२००० : पर्थ येथे 'सिम्बायोटिका'ची स्थापना.

२००२ : केव्हिन वॉरविक यांच्या मज्जातंतूत, समितीच्या मंजुरीने, विद्युतअग्रे.

२०११ : ल्युब्लियाना येथे 'घोडा माझ्यात जगो'.

२०१७ : झायनरचा जाहीर जनुकप्रयोग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नवी मार्गदर्शक तत्त्वे.

२०२४ : हलासी यांच्या स्वोपचाराचा अहवाल प्रसिद्ध.